बाटलीवरचं झाड आणि बाटलीतला घटक

बावचीचं झुडूप बांधावर, पडीक रानात आपोआप उगवतं. तिच्या काळपट, चपट्या, उग्र वासाच्या बिया आयुर्वेदात कोडावर फार पूर्वीपासून वापरल्या जातात. १९६६ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील गोवर्धन मेहता, यू. रामदास नायक आणि सुख देव या रसायनशास्त्रज्ञांनी या बियांमधून एक नवं संयुग वेगळं काढलं आणि बियांच्या संस्कृत नावावरून त्याला बाकुचिऑल म्हटलं. पुढची कित्येक वर्षं या संयुगाची दखल रसायनशास्त्राबाहेर फारशी कुणी घेतली नाही. आज जगभरातल्या महागड्या सीरमच्या बाटल्यांवर ते नाव ठळक अक्षरांत छापलेलं असतं, ‘रेटिनॉलला वनस्पतिजन्य पर्याय’ म्हणून. रेटिनॉल म्हणजे सुरकुत्या-डागांवर लावलं जाणारं अ जीवनसत्त्वाचं रूप.

हा दावा पोकळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ४४ जणांवर १२ आठवडे तुलना केली. एका गटाने अर्धा टक्का बाकुचिऑल दिवसातून दोनदा लावलं, दुसऱ्याने अर्धा टक्का रेटिनॉल दिवसातून एकदा. सुरकुत्या आणि काळे डाग दोन्ही गटांत जवळपास सारखेच कमी झाले. साल निघणं आणि चुरचुरणं मात्र रेटिनॉलवाल्यांना जास्त सोसावं लागलं. ४४ हा आकडा लहान आहे, तरी वनस्पतिजन्य सौंदर्यप्रसाधनांच्या दुनियेत इतकी समोरासमोरची तुलना दुर्मीळ असते.

पण बावचीच्या त्याच बीमध्ये सोरॅलेन जातीची संयुगंही असतात. ती त्वचेवर लागली आणि वर ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते, फोड येतात, पुढे महिनोन्‌महिने काळे डाग राहतात. याच गुणाचा नेमका वापर करून डॉक्टर कोडावर सोरॅलेन आणि अतिनील किरणांचा उपचार देतात, पण त्यात औषधाची मात्रा आणि प्रकाशाचा वेळ दोन्ही मोजलेले असतात. शुद्ध केलेल्या बाकुचिऑलमधून सोरॅलेन काढून टाकलेलं असतं. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणाऱ्या बावचीच्या तेलातून नाही. ‘सीरम महाग पडतं, तर मूळ तेलच लावू’ असा हिशेब करणारा माणूस नकळत वेगळंच औषध तोंडाला फासत असतो. दुसरा एक सल्ला सर्रास ऐकू येतो. गरोदरपणी रेटिनॉल वर्ज्य असतं, म्हणून बाकुचिऑल खुशाल लावा. गरोदर स्त्रियांवर त्याची तपासणी झालेली नसताना असा भरवसा देणं मला अत्यंत बेजबाबदारपणाचं वाटतं.

बावचीवर इतकं लिहिलं, कारण या सगळ्या विषयाचं मर्म तिच्यात आहे. झाडाचं नाव कळल्याने फार थोडं कळतं. त्यातला कोणता घटक, किती प्रमाणात, कशा रूपात आणि कोणत्या कामासाठी, हे कळल्याशिवाय ‘हर्बल’ या शब्दाला वजन नाही. बाजारातल्या बहुतेक दाव्यांमागे काचेच्या बशीतल्या पेशींवरचे किंवा उंदरांवरचे प्रयोग असतात. ते खोटे नसतात, पण तिथून माणसाच्या गालापर्यंतचा रस्ता लांब असतो. तो कुठल्या वनस्पतींनी पार केला आणि कुठल्यांनी नाही, हे पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

तेलांपासून सुरुवात करू, कारण आपल्या घरांत सगळ्यात जास्त वापर त्यांचाच होतो आणि चांगला पुरावाही तिथेच सापडतो. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना केली. केस धुताना, विंचरताना त्यातलं प्रथिन झिजतं. ही झीज फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी झाली, आणि धुण्याआधी लावलं तरी, नंतर लावलं तरी झाली. कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे वाचकाने ध्यानात ठेवलंच पाहिजे. पण त्यामागचं कारण पटणारं आहे. खोबरेलात लॉरिक आम्ल भरपूर असतं. त्याचा रेणू लहान आणि सरळ साखळीचा असल्याने तो केसाच्या आत शिरतो. २००१ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टनच्या संशोधकांसोबत केलेल्या कामात खोबरेल केसाच्या आत पोचल्याचं आणि खनिज तेल न पोचल्याचं दिसलं होतं. आत तेल असलं की धुताना केस पाणी शोषून कमी फुगतो, म्हणून कमी तुटतो. नहाण्याच्या आदल्या रात्री डोक्याला तेल लावण्याची आपल्याकडची रीत या हिशेबात चपखल बसते.

मात्र याचा अर्थ तेलाने केस उगवतात असा नाही. आपल्याला दिसतो तो केस मृत असतो. वाढ होते ती टाळूच्या आतल्या मुळाशी. तेल असलेल्या केसाची राखण करतं, एवढंच. आणि कोंडा झालेल्या टाळूवर तेल थापून रात्रभर ठेवणं बऱ्याचदा उलट पडतं. कोंड्यामागे असणारी मॅलॅसेझिया ही बुरशी स्निग्धाम्लांवरच जगते. ‘टाळू कोरडी पडली म्हणून कोंडा झाला’ ही समजूत आपल्या घराघरांत इतकी पक्की आहे की कित्येक मुली वर्षानुवर्षं तेल वाढवत जातात आणि खाज काही थांबत नाही.

तान्ह्या बाळाच्या मालिशीचं तेल हा त्याहून नाजूक मामला. ढाक्याच्या रुग्णालयात फार अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाच्या तेलाने मालिश केली, तेव्हा रुग्णालयात होणारे जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाले. २००५ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या तेलातलं लिनोलिक आम्ल त्वचेच्या संरक्षक थराला उपयोगी पडतं. याउलट ऑलिव्ह तेलाने हा थर कमकुवत होतो, असं ब्रिटनमध्ये प्रौढांवर केलेल्या २०१३ च्या अभ्यासात आढळलं. मोहरीच्या तेलाने तो सावरायला उशीर लागतो, असं उंदरांवर दिसलं. म्हणजे भेट म्हणून येणारी ऑलिव्ह तेलाची देखणी बाटली बाळासाठी सर्वोत्तम ठरतेच असं नाही. शेंगदाणा तेलाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. इसब झालेल्या बाळांच्या कातडीला शेंगदाणा तेल असलेली मलमं लावली, तर पुढे त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त आढळते, असं ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत २००३ मध्ये समोर आलं. अ‍ॅलर्जी आणणारं प्रथिन रिफाइंड तेलात जवळजवळ उरत नाही, घाणीच्या तेलात उरू शकतं. खायला घाणीचं तेल कितीही चांगलं असो, बाळाच्या फुटलेल्या त्वचेवर शेंगदाण्याचं घाणीचं तेल लावू नये.

कोकणातल्या मुठेलाबद्दल मला विशेष आस्था आहे. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळून वर येणारी चरबी गोळा करायची आणि मुठीत दाबून तिचे लांबट गोळे करायचे. थंडीत भेगा पडलेल्या टाचांना ते चोळायचे. या चरबीत स्टीअरिक आणि ओलेइक आम्लांचा वाटा फार मोठा आहे. त्यामुळे ती खोलीच्या तापमानाला घट्ट राहते आणि अंगाच्या उबेने मऊ होते. ओठांच्या कांड्या आणि मलमं बनवणाऱ्यांना हाच गुण हवा असतो. म्हणून परदेशी प्रसाधनांच्या घटकयादीत आता कोकम बटर दिसतं. भेगांवर तिचं काम साधं आहे: पाणी उडू न देणं आणि कडक कातडी मऊ ठेवणं. ते ती उत्तम करते. मुठेल अजून कोकण-गोव्याच्या आठवडा बाजारात मिळतं, पण ते करणाऱ्या बाया कमी होत चालल्या आहेत. किनाऱ्यावरच्या उंडीचीही तीच कथा. तिच्या तेलावर एके काळी कोकणात दिवे जळत. त्याच झाडाचं तेल पॅसिफिक बेटांवरून ‘तमानू’ नावाने येतं आणि चढ्या भावाने विकलं जातं.

धुण्याच्या वस्तूंकडे वळलं की शिकेकाई आणि रिठा समोर येतात. दोन्हींत सॅपोनिन असतं. ते पाण्यात फेस करतं आणि तेलकटपणा सोडवतं. मराठवाड्यातल्या बोअरच्या जड पाण्यात साध्या साबणाचा चोथा केसांवर बसतो, सॅपोनिनचा बसत नाही. शिकेकाईचा काढा किंचित आम्लधर्मी असल्याने केसांची बाहेरची खवल्यांची साल मिटलेली राहते आणि केस कमी गुंततात. रिठा डोळ्यांत गेला तर चांगलाच झोंबतो, आणि भरड पूड टाळूवर रगडली तर ओरखडे उठतात. एवढं सांभाळलं तर ही जोडी आजही कामाची आहे. बाजारातल्या ‘शिकेकाई शाम्पू’चं मात्र वेगळं असतं. त्यात मळ काढण्याचं काम बहुधा सोडियम लॉरेथ सल्फेट करतं, शिकेकाई नावापुरती असते. मौज अशी की लोक ज्या सल्फेटला घाबरतात, त्याचाही कच्चा माल अनेकदा नारळाचं किंवा पामचं तेलच असतो. ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाने काय सिद्ध होतं, याचा यावरून विचार करावा.

केस उगवण्याच्या दाव्यांकडे जास्त कठोर नजरेने पाहावं लागतं, कारण तिथे माणसाच्या मनावर घाव असतो आणि त्याच घावावर बाजार चालतो. रोझमेरीच्या तेलाची सध्या लाट आहे. तिच्या मुळाशी इराणमधला २०१५ चा एक अभ्यास आहे. टक्कल पडू लागलेल्या १०० जणांपैकी निम्म्यांनी रोझमेरी तेल लावलं, निम्म्यांनी २ टक्के मिनॉक्सिडिल हे टक्कलावरचं नेहमीचं औषध. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत केस थोडे वाढले, फरक फारसा दिसला नाही. पण काहीच औषध नसलेला तिसरा गट नव्हता, आणि पुरुषांना सहसा मिनॉक्सिडिल ५ टक्क्यांचं देतात. त्याआधी १९९८ मध्ये स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीनला चाई पडलेल्या, म्हणजे चकत्यांनी केस गेलेल्या, ८६ रुग्णांवर थाइम, रोझमेरी, लॅव्हेंडर आणि सीडरवुड यांच्या तेलांचं मिश्रण तपासलं गेलं. ते लावणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांना फायदा झाला. नुसतं वाहक तेल चोळणाऱ्यांत १५ टक्क्यांना. पण चाई आणि टक्कल हे वेगवेगळे आजार आहेत. चाई बऱ्याचदा आपोआपही भरते. एकाचा पुरावा दुसऱ्याला जोडणं चूक आहे, आणि जाहिराती नेमकं तेच करतात. कांद्याच्या रसाचा बगदादमधला लहानसा प्रयोगही चाईवरच होता.

माक्याचं काय? माक्याचं तेल घरोघरी उकळलं जातं, उंदरांवर त्याचे परिणाम उत्साहवर्धक आहेत, आणि माणसांवरचा भक्कम पुरावा नाही. जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस केस मऊ करतो, हे हाताला कळतं. त्याने केस उगवतात, हे कुठे सिद्ध झालेलं नाही. एरंडेलाचंही तसंच, शिवाय घट्ट एरंडेलामुळे लांब केसांचा सुटता न सुटणारा गठ्ठा झाल्याचीही नोंद आहे. आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. मूठमूठ केस गळत असतील, तर तेलाची बाटली घेण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉईड तपासून घ्यावं. लोह कमी असेल तर ते डोक्यावर चोळून भरून निघत नाही.

त्वचेच्या बाबतीत हळदीचा मान पहिला. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट १९९५ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळालं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि शोधनिबंध पुढे ठेवून ते लढवलं, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पुढे पारंपरिक ज्ञानाचं डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. हा विजय मोठा आहे, पण तो मालकीच्या प्रश्नाचा आहे; हळदीने रंग उजळतो, असा त्यातून पुरावा मिळत नाही. हळदीतलं करक्युमिन पाण्यात नीट विरघळत नाही, उजेडात लवकर मोडतं आणि त्वचेत फार थोडं शिरतं. दाह शमवण्याचा तिचा गुण खरा आहे. चिमूटभर हळदीच्या लेपातून तो किती मिळतो, हा प्रश्न उरतोच.

ज्येष्ठमधातलं ग्लॅब्रिडिन त्वचेत रंग बनवणाऱ्या विकराला अडवतं, म्हणून डागांवरच्या मलमांत ते असतं. परिणाम हळू आणि मर्यादित. मंडूकपर्णीतल्या, म्हणजे कारिवण्यातल्या घटकांचा जखम भरण्यावर बरा अभ्यास झाला आहे. कोरियाहून ‘सिका’ नावाने येणारी मलमं याच वनस्पतीची. ओटच्या बारीक पिठाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००३ मध्ये त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली, आणि खाजऱ्या, कोरड्या त्वचेसाठी ते खरोखर चांगलं आहे. मुरमांवर ५ टक्के टी ट्री तेलाची बेन्झॉइल पेरॉक्साइड या नेहमीच्या औषधाशी तुलना ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये १२४ रुग्णांवर झाली: गुण दोन्हींचा आला, टी ट्रीचा उशिरा आणि कमी त्रासाने. हेच तेल जुनं होऊन हवेने बिघडलं की स्वतःच पुरळ उठवतं. कोरफडीचा पारदर्शक गर थंडावा देतो. पान कापल्यावर निथळणारा पिवळा चीक आधी धुऊन टाकावा, तो त्वचेला चावतो. लिंबू चेहऱ्यावर चोळणं बंदच करावं. त्याचा रस फार आम्लधर्मी असतो, आणि लिंबाच्या जातीच्या फळांत बावचीसारखेच उन्हात जाळणारे घटक असतात.

खरं नुकसान मात्र बहुधा वनस्पती करत नाही, तिच्या नावाखाली मिसळलेलं काहीतरी करतं. मेंदीतलं लॉसोन केसातल्या आणि कातडीतल्या केराटिनला चिकटतं आणि केशरी-तांबडा रंग देतं. काळा रंग मेंदीचा नाही. तासाभरात काळी कुळकुळीत रंगणारी ‘काळी मेंदी’ बहुतेक वेळा पॅराफेनिलीनडायअमिनमुळे, म्हणजे पीपीडीमुळे रंगते. त्याची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते. पुढे केस रंगवताना चेहरा सुजतो, श्वास अडकू शकतो. लहान मुलांच्या हातावर अशी मेंदी कधीही काढू नये. त्याहून भयंकर प्रकार गोरेपणाच्या मलमांतल्या पाऱ्याचा. केरळमधल्या कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट आजाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यांतल्या १५ जणांत क्वचित आढळणारा एक प्रकार होता, आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची मलमं वापरल्याचं सांगितलं. सावळ्या मुलीला गोरं करण्याच्या हट्टाची किंमत तिच्या मूत्रपिंडाने का मोजावी?

एक बाजू या चर्चेत बहुधा येतच नाही, ती जंगलाची. उटण्यात आणि केशतेलांत जाणारी जटामांसी हिमालयात तीन हजार मीटरच्या वर वाढते. तिचं मूळच खणून काढावं लागतं, म्हणजे झाड मरतं. आज ती अतिसंकटग्रस्त यादीत आहे. शिकेकाईच्या शेंगा, रिठ्याची फळं, आवळे तोडले तर झाड उभं राहतं. उटणं घेताना हा फरक लक्षात घ्यावा. नागरमोथा, आंबेहळद, संत्र्याची साल यांचं उटणं जटामांसीवाचून काही कमी पडत नाही. जंगलातून माल आणणाऱ्यांना नफ्यातला वाटा मिळावा, यासाठी २००२ चा जैवविविधता कायदा आहे. देशी कंपन्यांनाही तो लागू होतो, असं उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या खटल्यात स्पष्ट केलं. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाच्या वापराला सूट दिली. ही सूट मला अन्यायाची वाटते. ज्ञान ग्रंथात असलं तरी शेंगा गोळा करायला अजून माणूसच रानात जातो.

शेवटी लेबल. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. एक टक्क्याच्या खालचे कसेही लिहिता येतात. फिनॉक्सिइथेनॉल हा टिकाऊपणाचा घटक जास्तीत जास्त एक टक्का घालता येतो. म्हणून यादीत त्याच्यानंतर आलेली कोरफड, हळद, ब्राह्मी एक टक्क्याहून जास्त नाही असं समजावं. किती टक्के वनस्पती असली म्हणजे ‘हर्बल’ म्हणावं, याचा आकडा सौंदर्यप्रसाधनांच्या २०२० च्या नियमांत नाही. तो यायला हवा. आणि टिकाऊ घटक नाहीत, ही फुशारकी पाणी असलेल्या मलमाच्या बाबतीत धोक्याची असते. घरी वाटून ठेवलेल्या कोरफडीच्या गरात जंतू झपाट्याने वाढतात.

नवं काही वापरायचं असेल तर आधी कोपराच्या आतल्या बाजूला आठवडाभर रोज थोडं लावून पाहा. खाज, पुरळ, सूज आली तर वस्तू फेकून देऊ नका. डबी, तिच्यावरचा बॅच क्रमांक आणि पावती जपून ठेवा, त्वचारोगतज्ज्ञांना ती डबी दाखवा आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. झाडपाल्याचं होतं, म्हणून गप्प बसू नका.